माया

नोव्हेंबरात हेब्डन ब्रिजला चारलाच अंधारून येतं,
म्हणून सकाळी आठलाच सायकल उलटी करून ठेवली
शेजारच्या ईनिड सटक्लिफबाईंच्या शेडमध्ये.

सायकल मूळची त्यांच्या नवऱ्याची, वॉल्टरची.
हिरवी, पोलादी, लांब पल्ल्याची.
पुढे पिशव्या, मागे पिशव्या, बाटल्यांना तीन जागा.
विकताना बाई म्हणाल्या होत्या, हिला सगळं येतं.
मी मनात म्हटलं, आखूडशिंगी, बहुदुधी.
फक्त टायर होते बत्तीस मिलिमीटरचे,
आणि पावसानंतर कालव्याकाठची वाट
बेचाळीसच्या खाली बोलत नाही.

टायर चढला. हवा भरली.
बेचाळीस लिहिलेला मोजला तर चव्वेचाळीस,
रेडिमेड शर्टासारखा, कंपनीच्या मर्जीवर.
तरी फोर्कच्या दोन पायांतून सुखरूप फिरला.

मग नवं, रुंद मडगार्ड.
(इचलकरंजीतही आम्ही मडगार्डच म्हणायचो.
हा शब्द मला इथे येऊन शिकावा लागला नाही.
असे फार नाहीत.)

बोल्ट आवळले आणि चाक फिरवलं.
खर्र.
दर फेऱ्याला त्याच एका जागी, खर्र,
जुनी तक्रार असल्यासारखं.
काड्या वाकवल्या. सैल केल्या. पुन्हा आवळल्या.
शिव्या दिल्या, मराठीत, हळू आवाजात.
खर्र.

ईनिडबाई चहा घेऊन आल्या.
सदतीस वर्षं त्यांनी कारखान्यात कापड कापलेलं,
जाड कॉर्डुरॉय, एकावर एक वीस थर.
त्यांनी चष्मा शोधला नाही,
टायर आणि मडगार्डच्या मधे सरळ बोट घातलं.
बोट गेलं नाही.
"काहीच सोडलं नाहीस," म्हणाल्या. "अगदी अंगाबरोबर बेतलंस."

शिवणीत जे सोडतात
त्याला त्यांच्या भाषेत शब्द आहे हिशेबातला, कोरडा.
आमच्यात माया म्हणतात.
आत्या शिवणक्लासात पोरींवर ओरडायची,
माया ठेव गं, उद्या अंग भरलं तर काय उसवशील?
हे सांगितलं, तर त्यांनी अर्थ विचारला.
मी दोन सांगितले.
तिसरा, वेदान्तातला, गाळला. चहा निवत होता.

मग त्यांनीच खाली वाकून दाखवलं.
बोल्टवर बुचाच्या चकत्या होत्या,
फोर्कच्या माथ्याशी एक, मागच्या पट्टीखाली एक,
आणि मी त्या इमानाने परत जशाच्या तशा लावलेल्या.
"वॉल्टरच्या. त्याला फट खपायची नाही.
बारीक टायर, वर चिकटून मडगार्ड, एका रेषेत."
चकत्या काढल्या. मडगार्ड वर सरकलं.
चाक फिरलं आणि काहीच ऐकू आलं नाही,
फक्त बाहेर कुणाचा तरी कुत्रा.
बोट गेलं. त्यांचंही, माझंही.
चकत्या त्यांनी एप्रनच्या खिशात टाकल्या.

मी हात पुसायला लागलो,
तर म्हणाल्या, फ्लॅप राहिला.
दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनवर खडूने रेघ मारली,
आणि एका दमात कात्री चालवली, न थांबता.
मला वाटलं, फार लांब झाला. जमिनीला टेकेल.

"मडगार्ड आपल्या पाठीसाठी," त्या म्हणाल्या.
"फ्लॅप मागून येणाऱ्यासाठी.
वॉल्टर छान चालवायचा. नेहमी पुढे.
एकोणीस वर्षं, दर रविवारी,
या खोऱ्यातला चिखल मी चाखलाय."
हसल्या. मग हसू थांबलं,
आणि त्या बोल्टसाठी वॉशर शोधू लागल्या डबीत,
जरुरीपेक्षा जास्त वेळ.

दुपारी टॉडमॉर्डनपर्यंत जाऊन आलो.
काठावर बीचची ओली पानं, बदकं, मोकळी लॉक.
एक खडा टायरला चिकटून वर गेला,
मडगार्डात दोनदा वाजला
आणि वाट मिळाली तसा निघून गेला.
पाठ कोरडी.
मागे कुणीच नव्हतं. बाईंचे गुडघे गेलेत आता.
फ्लॅप मात्र सारा वेळ
मागे बघून बघून चालल्यासारखा
टप टप करत होता.