आधीचं की नंतरचं

जिप्सी घोड्यांवर उभी, चारी चाकं भिंतीला टेकवलेली,
आणि तळेकरांचा सुबोध विचारतो, झालं ना?
नवे पाटे बसलेत, शॅकल बसलेत,
गाडी दोन इंचांनी उंच.
गेल्या वर्षी गांधी मार्केटला पाणी सीटपर्यंत आलं
आणि आईचं डायलिसिस एक दिवस चुकलं.
त्या एका दिवसाचे हे दोन इंच.

झालं नाही, मी म्हणतो.
नट अजून नुसत्या बोटांनी फिरवलेत.
लटकत्या गाडीचा बुश आवळला
तर रबराला तीच आपली जागा वाटते,
गाडी खाली आली की ते पिळवटत राहतं
आणि वर्षाच्या आत फाटतं.
वडाळ्यात ट्रकांखाली झोपून कामं केली मी,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
तीन गिऱ्हाइकांच्या शिव्यांनी शिकवलं.

चाकं चढवली. जॅक सोडला.
गाडी खाली बसली, जरा कुरकुरली,
मुनाफ बंपरवर दोनदा नाचला.
आता रोजचं वजन हवं, मी म्हटलं,
रोज जे बसतं ते.

रत्नप्रभाबाई बाकड्यावर होत्या,
तहान मारायला वेलदोडा चघळत.
उठल्या, पाय उचलला,
आणि पाय गाडीपर्यंत पोचेना.
सुबोधचा चेहरा पाहवेना.
सगळं मोजलं होतं त्याने,
पाणी, पाटे, पैसे,
फक्त आईचा गुडघा सोडून.

मुनाफने ऑइलचा रिकामा क्रेट पालथा घातला.
त्या चढल्या, मागच्या सीटवर, डावीकडे,
फाइल मांडीवर, सुयांचा हात जपून.
मी खालून ओरडलो, मावशी, वजन किती?
वरून आवाज आला,
आधीचं की नंतरचं?
आधी त्रेचाळीस. नंतर एकेचाळीस.
रेशन दुकानात तीस वर्षं काट्यावर बसलेली बाई,
दोन किलो म्हणजे त्यांना दोन किलो.
आधीचं धरतो, मी म्हटलं.

यू-बोल्टचे नट फुलीत आवळायचे,
एक इकडचा, एक समोरचा.
पाना टक् म्हणाला की थांबायचं,
दंडात जोर उरला असला तरी थांबायचं.
सोळा ते, आणि पाट्यांच्या टोकांचे बारा.
झाले अठ्ठावीस, मी म्हटलं.
सत्तावीस, वरून आवाज.
टक् मी मोजतेय.
पुन्हा पाना लावत फिरलो.
मागचा डावा, त्यांच्या बैठकीच्या बरोबर खालचा,
राहिला होता.

मग प्रत्येक नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ.
रेघ तुटली की समजायचं, नट हलला.
पाचशे किलोमीटरला परत आणा,
नवे पाटे जागा करून घेतात, पुन्हा आवळावे लागतात.

बाईंनी फाइलच्या पाठीवर गणित मांडलं.
घर ते सायन, जाऊन-येऊन नऊ.
आठवड्याला तीन फेऱ्या, सत्तावीस.
पाचशे म्हणजे अठरा-एकोणीस आठवडे.
म्हणजे श्रावण, त्या म्हणाल्या,
आणि पेनाला टोपण लावलं नाही.
सुबोध पाकीट शोधू लागला, ते त्याच्या हातातच होतं.

मी हात पुसले. चिंधी हातांहून काळी.
मावशी, शंभरलाच या एकदा,
उंच केलेल्या गाडीचा भरवसा नाही.
हे काही पुरतं खरं नव्हतं.
मापात पाप आहे का बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि लिहून घेतलं,
शंभर. त्याखाली पाचशे.

मुनाफ तोवर अँगलची पट्टी घेऊन आलेला, खडू कानावर.
पायरी किती उंच लावू?
त्या क्रेटवरून जमिनीवर उतरल्या,
साडी घोट्यापाशी धरून पाय उचलला,
जिथवर आला तिथे थांबल्या.
इथे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाही,
परतताना इतका उचलत नाही.
नंतरचं धर.

मुनाफने खूण चार बोटं खाली घेतली.