पेला भरू नये

साडेसहालाच पोचले टाऊन हॉलवर.
हडर्सफील्डची सकाळ, दगडाला ओल,
कठड्यावर कबुतरं अंग फुगवून.
झेंडा आधी तपासला: निळा पट्टा वर,
कोर जागेवर, तारे मोजून बारा.
मागे एकदा कुणाचा तरी उलटा चढला होता.
नाव सांगणार नाही,
त्या देशाने आम्हाला माफ केलंय.

फायलीत सगळं आहे.
आधी कुणाचा हात पुढे येऊ द्यायचा,
महापौरांची साखळी किती वाजता कुलपातून काढायची.
मानाची खुर्ची दारापासून सगळ्यात लांब.
त्यांची भाकरी गोल, मधोमध नक्षी ठसवलेली,
ती पालथी ठेवायची नाही.
आणि चहा. हे लाल शाईने लिहिलंय:
पेला भरू नये.
अर्धा ओतावा, संपला की पुन्हा अर्धा.
काठोकाठ भरलेला म्हणजे
प्या आणि निघा.

"लोक म्हणतील कंजूष," ब्रायोनी म्हणाली.
चाळीस वर्षं या किटलीला तिचाच हात,
अर्ध्यावर थांबेचना.
मी म्हटलं, अगं, अर्धा म्हणजे
तुझ्यासाठी मी पुन्हा उठेन.
ती किटलीकडे बघत राहिली,
जणू किटलीनेच हे इतकी वर्षं लपवलं होतं.

बाबा भंडाऱ्याला सरकारी विश्रामगृहात खानसामा.
कोणता साहेब कुठल्या कुशीवर झोपतो, तोंडपाठ.
कमिशनरांना साय चालत नाही.
अमुक मंत्री आले की रेडिओ मागच्या खोलीत.
लग्नघरच्या विहिणीलाही जमलं नसतं
असं त्यांचं मानपानाचं गणित.
पण पहिलं ताट जायचं व्हरांड्यात,
गाडीला टेकून बसलेल्या ड्रायव्हरला.
"साहेबाला भूक लागली की साहेब सांगतो.
ह्याला कोण विचारतंय?"
असं परिपत्रक कधी निघालं नाही.

अकराला आले. फर्गान्याचे कापूसवाले, नऊ जण,
आमच्या लोकरीच्या गिरण्या बघायला.
गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत,
ते त्यांना दुपारी कळणार होतं.
पुढे दिलोरोमबाई, छातीवर हात, किंचित वाकून.
महापौरांचा हात मात्र हवेत.
दोनदा वाचून दाखवलं होतं मी.
मग तोही वळला छातीकडे,
साखळी किणकिणली.

खिडकीतून मिनीबस दिसत होती.
विल्फ, हॅलिफॅक्सचा, स्टिअरिंगवर पुडा ठेवून
क्रिस्प खात होता, काच वाफेने भरलेली.
यादीत तो नाही.
यादी माझीच.

कौन्सिलर हर्स्ट यांचा निरोप आला होता, कंबर धरली.
त्यांचं कार्ड मी खिशात टाकलं,
कोऱ्या कार्डावर हाताने लिहिलं: विल्फ्रेड सटक्लिफ.
खुर्ची नेमकी बाईंच्या शेजारची,
दारापासून सगळ्यात लांब.
तो पँटला हात पुसत आला,
आणि चीफ एक्झिक्युटिव्हची भुवई
वर गेली ती तिथेच राहिली.

ब्रायोनीने नऊ पेले अर्धे भरले, जीव मुठीत धरून.
विल्फपाशी आली तेव्हा दमली असावी,
किंवा घरचाच माणूस वाटला:
काठोकाठ. वर फेस.

बाईंनी पाहिलं.
आधी पेल्याकडे, मग दाराकडे,
मग त्याच्या ओल्या जाकिटाकडे.
दुभाष्या काही विचारायला वाकला, त्याला हातानेच थांबवलं.
विल्फचा पेला उचलला,
त्यातला अर्धा आपल्यात ओतून घेतला
आणि उरलेला त्याच्यापुढे सरकवला,
दोन्ही हातांनी.

त्याला काही कळलं नाही. "टा, लव्ह," म्हणाला.
दुभाष्याने ते काय सांगितलं देव जाणे,
बाई खूप हसल्या.

अहवालात लिहिलं: कार्यक्रम राजशिष्टाचारानुसार पार पडला.
उपस्थितीत पाहुणे नऊ, मग खोडून दहा.

सहाला खुर्च्या लावून झाल्या,
बुटांतून पाय काढले.
ब्रायोनीने न विचारता चहा आणला.
अर्धा.
आणि समोर बसली,
किटली हाताशी ठेवून.