एकच साचा

मडगावच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर
फिलोमिनानं पिशवीतून एकेक कागद काढला :
पतंगाचा, क्रेपचा, चमकी सांडणारा,
मिठाईच्या खोक्याचं झाकण,
आणि कुणा नुनीसच्या लग्नाची पुठ्ठ्यासारखी पत्रिका
(त्या लग्नाला ती गेलीच नव्हती).
"हे कापून दाखव, पुता.
कंपनीचा कागद सगळेच कापतात."

पोरानं आधी विजेचं यंत्र लावलं.
टाचणीएवढं पातं निघालं,
वाट पाठ असलेल्या मुंगीसारखं,
आणि सव्वा मिनिटात शेवंती.
एकवीस पाकळ्या. एकीचाही धक्का दुसरीला नाही.
मी काही बोलले नाही.
माझा उजवा अंगठा मात्र टक लावून बघत होता.
चौतीस वर्षं, कुडतरीच्या शाळेत,
दर इयत्तेला चाळीस मोर, चाळीस मासे, चाळीस नारळ;
आता तो गवार मोडतानाही रुसतो.

"फोनला जोडायचं, मावशी. मग हवं ते चित्र."
"आणि लाइट गेली तर?"
"इन्व्हर्टर असेल ना?"
आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
आमच्या वाड्यावर लाइट म्हणजे माहेरवाशीण :
येते, टेकते, चहा ठेवेपर्यंत उठते.

दुसरं यंत्र हाताचं.
उसाच्या चरकाची धाकटी बहीण.
दोन लोखंडी लाटणी, एक दांडा,
वजन नऊ किलो, आवाज दाढदुखीचा.
पत्रिका आत गेली, कण्हली,
आणि पलीकडून बदाम होऊन आली.
फिलोमिना खूश. "नुनीसांचं भलं होवो!"

पण साचे वेगळे.
प्रत्येक आकाराचे चारशे, कुठे साडेचारशे.
म्हणजे गाय परवडते, वैरण नाही.
अर्धे पैसे तिचे, अर्धे माझे;
उरले होते एका साच्यापुरते.

ती म्हणाली, तारा. नाताळ आहे.
मी म्हटलं, शंकरपाळी. दिवाळी आधी येते,
कंदिलाच्या अंगभर शंकरपाळ्याच लागतात.
ती म्हणाली, दिवाळीला तुम्ही नरकासुर जाळता,
त्याला कसले साचे?
मी म्हटलं, फिलू, आवाज कमी कर.
तिनं केला नाही.
मागे रांगेत उभ्या माणसानं
आपलं एकुलतं फेविकॉल खाली ठेवलं
आणि ऐकत राहिला.

हात रिकामे राहवत नाहीत, म्हणून
मी शंकरपाळीचा साचा उचलला,
पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला ठेवला,
पेन्सिलीनं गिरवला. टोक तसंच धरून फिरवला,
पुन्हा गिरवला.
तिसऱ्यांदा ती गप्प झाली.
चौथ्यांदा पोरगा काउंटरवर वाकला.
पाचवी शंकरपाळी
पहिलीला जाऊन चिकटली,
केसभरही फट न ठेवता.

तारा.

बहात्तर पंचे तीनशे साठ, मी पुटपुटले,
फळ्यासमोर पुटपुटायचे तशी.
"चोरटी!" फिलोमिना म्हणाली,
"तुला आधीच ठाऊक होतं."
नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं.

आता यंत्र चवथीपासून माझ्याकडे असतं.
दिवाळी सरली की टॉवेलात गुंडाळून
कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे जातं :
मी ढकलते, ती ओढते,
दोघीही देवाचं नाव घेतो, आपापल्या.

परवा लाइट नव्हती. मेणबत्ती लावून
ती दांडा फिरवत होती, मी कागद सरकवत होते.
तारे संपले, उरली नुसती भोकांची जाळी,
टाकायला निघाले तर तिनं हात धरला.
वहीचं एक पान उघडलं.
कायतान, जहाजाच्या डेकवर, एकोणीसशे ब्याऐंशी,
ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळाला हात लावलेला.
तिनं ती जाळी त्याच्यावर ठेवली.
एका भोकातून टोपी, एकातून कोपर,
बाकी सगळ्यांतून समुद्र.

"चिकटवू?" मी विचारलं.
"थांब," म्हणाली,
आणि जाळी थोडी डावीकडे सरकवली.