बावीस नंबर

रात्री साडेअकराला दार वाजलं की
मी कोण आहे विचारत नाही,
विचारते, काय झालंय त्याला?
कर्वेनगरच्या या हॉस्टेलात माझी ओळख तेवढीच:
बावीस नंबर, तिच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर आहे.
तापकीर गल्लीतून साठ रुपयांना आणलेला.
सोबत एक निवृत्त टूथब्रश.

बहुतेक दुखणी साधी असतात.
कुणी चार्जर नीट लावलेला, भिंतीवरचं बटण बंद.
कुणाचं वायफाय करंगळीच्या धक्क्याने गेलेलं.
एकीच्या पंख्यातून मी धुळीचा बोळा काढला,
त्यात केस, शेव, अर्धी टिकली.
तरीच, म्हणाली ती,
मांडीवर चहाचं पातेलं ठेवल्यासारखं व्हायचं.

बंद कर. तीसपर्यंत मोज. चालू कर.
मोजताना उगाच बोलू नकोस.

गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती,
त्या रात्री अश्लेषा तिडके आली.
तिसऱ्या मजल्यावरची, बीडकडची,
दोन वर्षांत कुणाकडे चिमूटभर मीठही न मागितलेली.
लॅपटॉप ओढणीत गुंडाळून आणला होता,
ताप आलेलं पोर आणावं तसा.
"मेला," म्हणाली. "तीन दिवस झाले."

कान लावला. पंखा फिरत होता.
कॅप्स लॉकचा दिवा लागत होता, विझत होता.
मेलेलं असं करत नाही गं, मी म्हटलं.
बंद करून रॅम काढली, खोडरबराने पुसली, बसवली.
स्क्रीन काळीच.
पासवर्ड टाक, म्हटलं, अंधारातच टाक,
बोटांना माहीत असतो.
मग खोलीतली ट्यूब घालवली
आणि मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरका धरला.

विहिरीत डोकावलं की आधी काहीच नसतं,
मग एकेक पायरी दिसू लागते, तसं दिसलं:
घड्याळ. कुठल्याशा डोंगराचं चित्र.
सेमिस्टर पाच. आणि त्याखाली ओळीने
प्रवेश रद्द अर्ज.
प्रवेश रद्द अर्ज दोन.
प्रवेश रद्द अर्ज फायनल.

टॉर्च मी जरा डोंगराकडे सरकवला.

आतलं सगळं शाबूत आहे, म्हटलं,
फक्त स्क्रीनमागचा दिवा गेलाय.
कदाचित केबलच सैल असेल,
शनिवारी बुधवार पेठेत दाखवू.
तोवर माझ्या कपाटावरचा जुना मॉनिटर जोड.
एका कोपऱ्यात हिरवी रेघ येते, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

ती काही बोलली नाही.
माझ्या कॉटवर बसून राहिली, बराच वेळ,
रिकामी ओढणी घडी करत, मोडत.
मी सुटलेले स्क्रू बशीत मोजत होते.
एक कमी भरत होता.

सकाळी मॉनिटर घेऊन गेली.
दुपारी परत दारात.
केबल राहिली, म्हणाली,
आणि थोडं घुटमळून,
मीठ आहे का गं?
काकडी आणलीय.