शेऱ्याचा रकाना

नगरपरिषदेनं वहीत सहा रकाने आखून दिलेत:
क्रमांक, जात, घेर, उंची, ठिकाण, शेरा.
शेऱ्याला जागा बोटाच्या दोन पेरांएवढी.
मी बांधकाम विभागातली कनिष्ठ लिपिक,
एप्रिलचं ऊन डोक्यावर, हातात शिंप्याची टेप,
मैंदर्गीची झाडं मोजत निघाले.

क्रमांक एक. चिंच. बसथांब्यामागे.
टेप पुरली नाही, तेव्हा सिद्रामप्पाच्या पोरानं
हॉटेलातली सुतळी आणून दिली.
ही चिंच चहा पितीय बघा, तो म्हणाला,
बावीस वर्षं ग्लास विसळलेलं पाणी हिच्याच बुडात.
म्हणून चिंचा गोड काय रे?
छे हो, आंबटढाण.
फुकटचं पाणी ना.

सातवर कडुलिंब, मशिदीच्या भिंतीला टेकून.
वजूचं पाणी पन्हळीतून थेट आळ्यात.
आमच्या गावात नळाला सहा दिवसांनी पाणी येतं,
लिंबाला दिवसातून पाच वेळा.

विडीच्या ब्रँचसमोर करंज,
भोवती तेंदूच्या पानांची कातरण घोट्याएवढी.
गुरुबसव्वा सूप झटकत म्हणाली,
तंबाखूची धूळबी टाकतो की आम्ही,
वाळवी लागत नाही.
शेऱ्यात मी "निरोगी" लिहिलं
आणि ती खोकायला लागली तेव्हा
उंची मोजण्यासाठी वर बघत राहिले.

एकतीस. जुन्या वहीत शिरस.
जागेवर पेव्हर ब्लॉक, वर कापड दुकानाची हिरवी ताडपत्री.
कधी पडला? कुणाला माहीत नाही.
वाऱ्यानं पडला, एक जण म्हणाला.
कुठल्या वाऱ्यानं, ते त्यानं सांगितलं नाही.
रिक्षावाले अजून म्हणतात, शिरसाखाली उभा हाय, ये.
मी वहीत काट मारली.
मग पुसट पेन्सिलीनं ठिकाण पुन्हा लिहून ठेवलं.

मधली बरीच झाडं इथे सांगत नाही,
वहीत आहेत.

बाजाराच्या दिवशी पिंपळापाशी लचमय्या गुर्रम भेटला.
सोलापुरात चाळीस वर्षं मागावर काढून
लेकीकडे राहायला आलाय.
कान मागाच्या खडखडाटातच राहिले.
पहाटे पक्कड घेऊन निघतो
आणि खोडांतले खिळे उपटतो:
मुतखड्यावर औषध, इंग्लिश स्पीकिंग, प्लॉट विकणे आहे,
कुणा भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
डालड्याचा जुना डबा गच्च भरलाय.
भंगारवाला मागतो, हा देत नाही.

का देत नाही? मी ओरडून विचारलं.
त्याला बहुतेक "कुठं?" असं ऐकू गेलं.
त्यानं माझं बोट धरलं
आणि पिंपळाच्या एका भोकावर ठेवलं.
भोक बुजत आलं होतं,
कडेची साल आत वळलेली,
दात पडल्यावर ओठ वळतो तशी.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत
साहेबांनी दिलेल्या तीनशे नंबरपट्ट्या, पत्र्याच्या.
एक हातोडी.
खिळ्यांचा न फोडलेला पुडा.

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
पण खिळे वाजतात.
ज्याला मागाशिवाय काही ऐकू येत नाही
त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं.

दुपारी तो घरून सुताची लड घेऊन आला,
लाल, रंग फुटलेल्या चादरीतली.
तुटलेला धागा सांधतात ती गाठ मला शिकवली.
मी घट्ट आवळली की सोडायला लावायचा.
झाड जाड होतंय, बोटं जाऊ देत मधून.
दरवर्षी सोडून परत बांधायला येतो की मी, म्हणाला.
त्याचं वय शहात्तर.
वहीत त्याला रकाना नाही.

सोमवारी साहेबांनी वही चाळली.
खिळ्यांचा पुडा टेबलावर तसाच.
हे काय, म्हणाले, सगळीकडे एकच शेरा?

हो सर.
"बांधले आहे. सैल."