पांढऱ्या ताटलीत बोडी

हुडकेश्वरच्या आमच्या शाळेमागे एक तळं आहे.
तळं म्हणायचं म्हणून. जुने लोक बोडी म्हणतात,
मुलं डबकं,
आणि वरून आलेल्या फॉर्मवर
त्याचं नाव 'जलस्रोत (असल्यास)'.

ऑक्टोबरमधली सकाळ, सव्वाआठ,
ऊन आत्ताच मानेवर हात ठेवून उभं.
सातवी ब, हजर अडतीस.
भिंगं दोन, त्यातलं एक तडकलेलं,
श्रीखंडाचे रिकामे डबे,
खिचडीवाल्या बाईंकडून मागून आणलेली चहाची गाळणी
("धुऊन द्याल मॅडम, मागच्या वेळेस नाही दिली")
आणि माझ्या घरची एक पांढरी ताटली,
कड उडालेली.

काठावर बेशरम फुललेली, फिकट जांभळी.
"कितीही तोडा, पुन्हा येते," दुष्यंत उईके म्हणाला,
आणि तोडून दाखवायला लागला.

पहिली बुडी: गढूळ पाणी,
अर्धं कुजलेलं पान, बिस्किटाचा कागद.
"काहीच नाही ना यात," संबोधी गजभिये म्हणाली.
मलाही तसंच वाटत होतं.
"थांबा," मी म्हटलं,
कारण पुस्तकात थांबा असं लिहिलेलं.

गाळ बसू लागला.
मग एक काडी चालली.
मग एक ठिपका थबकला, आणि विचार बदलून
दुसरीकडे गेला.
पानाच्या पोटाखालून तिळाएवढी गोगलगाय,
आणि चतुराचं पिल्लू:
सहा पाय, पंखांच्या जागी नुसत्या पिशव्या,
चेहरा, अल्फियाच्या मते, हेडसरांसारखा.
अडतीस डोकी एकदम वाकली,
ताटलीवर ग्रहण लागलं.
"सरका ना बे! भेले ते!"

त्रिवेणी मारबते मागे उभी, वहीबिही काही नाही.
तिचे बाबा पारडीकडे शिंगाड्यासाठी तळं ठेक्यानं घेतात.
मी 'शेवाळ' असं फळीवर लिहिताना
तिनं एकदाच जीभ चावली.
"काय गं?"
"शेवाळ नाही मॅडम. तो चिला आहे.
अन् हे लांब पट्टीसारखं, हे चिऊल.
बदकं याच्यासाठीच उतरतात.
तिकडे गाद. अन् ते कोपऱ्यात देवधान,
कोणी पेरत नाही ते."
पाण्यात न बघता हात घालून
ती एकेकाला शेंडी धरून वर आणत होती,
वर्गात उशिरा आलेल्यांना ओळख करून द्यावी तशी.

"चिऊल. यातला ऊ ऱ्हस्व की दीर्घ?"
"माहीत नाही मॅडम.
आमच्याकडे कोणी लिहीत नाही."

मी दीर्घ लिहिला. खाली एक बारीक प्रश्नचिन्ह.

पाणकोंबडी लव्हाळ्यातून दोनदा डोकावून गेली,
खंड्या तारेवर, आमच्याकडे पाठ करून.
एक दिवड दिसली म्हणे; ती फक्त त्यांनाच दिसली
ज्यांना घरी लवकर जायचं होतं.

मग अल्फियानं विचारलं,
"उन्हाळ्यात बोडी आटते, तेव्हा हे सगळे कुठं जातात?"
मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक परिच्छेद होता.
त्रिवेणीनं पायाचा अंगठा चिखलात रुतवला.
"कुठी नाही जात. खालीच राह्यतात.
गोगलगाय, बेडूक, अंडे, सगळे.
एप्रिलमध्ये आपण बोडीत क्रिकेट खेळतो ना?
त्यांच्याच डोक्यावर."

कोणी काही बोललं नाही.
दुष्यंतनं, जो सुरुवातीचा बॉलर,
आपल्या चपलांकडे बघितलं.

ताटली काठाला टेकवून हळूच कलती केली.
काडी शेवटी गेली, आपण काडीच आहोत
असं शेवटपर्यंत भासवत.

फॉर्मवर 'एकूण प्रजाती' समोर तेवीस लिहिलं,
मग खोडलं, आणि फॉर्म तसाच ड्रॉवरमध्ये टाकला.
यंदा पिच कुठं आखायची
यावरून मुलं वर्गाच्या दारापर्यंत भांडत गेली.
संबोधीचं म्हणणं, पाण्याच्या टाकीकडे.
तिकडे रन काढायला जागा नाही, हे दुष्यंतचं.
निकाल अजून लागायचा आहे.

ताटली दोनदा घासली, राखेनंही.
रात्री तिच्यात वरण-भात वाढून घेतला
आणि पहिल्या घासाआधी,
उगाच,
थोडी थांबले.