दळण

डायस प्लॉटच्या वळणावर ढमाल्यांची गिरणी,
गिरणीवर एक खोली.
जिना लोखंडी, कठड्याला हात लावला की पांढरा होतो.
उतरल्यावर मी तो पुसत नाही.
घरी पुरावा लागतो.

निघताना म्हणते, दळण टाकून येते.
खोटं नाही, डबा असतोच. दोन किलो ज्वारी,
कधी गहू, एकदा नुसती हरभऱ्याची डाळ,
तेव्हा तीन आठवडे घरात पिठलं झालं.
नवरा म्हणाला, हल्ली पीठ फार लागतं.
म्हटलं, भूक वाढलीय.
तो वाईट नाही. त्या दिवसाबद्दल बोलत नाही, एवढंच.

वर निलोफर मॅडम बसतात.
दोन खुर्च्या, एक पंखा, दाराशी पत्र्याची पेटी.
पहिल्या दिवशी फी विचारली, तर म्हणाल्या,
जमेल तेवढी.
असं मला कुणी म्हटलेलं नव्हतं.
भाजीवाली म्हणत नाही, दवाखाना म्हणत नाही,
देवसुद्धा अभिषेकाचा दरफलक लावून बसतो.
मी चाळीस टाकते.
वीस सहकारनगरच्या पोळ्यांतले,
वीस दळणाचा भाव वाढला असं सांगून.

खाली गिरणी चालू असते तोवर
वर ओरडून बोलावं लागतं.
आधी लाज वाटली. दुःख कुणी ओरडून सांगतं का?
मग बरं वाटलं.
पट्ट्याच्या घरघरीत रडलं तरी
ते दळणात जमा.

एकोणीस वर्षं नणंद म्हणत आली,
तेच ते दळण किती दळशील, वैजयंता?
मॅडम नाही म्हणाल्या.
एकदाच विचारलं, कसं निघतंय पीठ?
म्हटलं, अजून भरडच.

ढमाले काका काही विचारत नाहीत.
माझा डबा रांगेत मागं सरकवत राहतात,
पाऊण तासानं जिन्याखालून हाक येते,
बाई, झालं का तुमचं?
काय झालं, ते सांगत नाहीत.

गेल्या मंगळवारी पोळ्यांच्या घरी पाहुणे,
म्हणून गुरुवारी गेले.
गुरुवारी लाइट जाते हे अख्ख्या पुण्याला ठाऊक,
मीच विसरले.
सांगत होते, गिरणीच्या वरच्या पट्टीत,
की सव्वा महिन्याचा होता,
की माझ्याच कुशीत होता,
की सकाळी
आणि गिरणी थांबली
आणि मी थांबले नाही,
मी झोपले होते!

पंखा फिरत फिरत मंद झाला.
खाली सहा-सात बायका, त्यांचे डबे.
एक बांगडी वाजली नाही.
मॅडमनी खिडकी लावायला हात उचलला,
मग तसाच खाली घेतला.
इतक्या दिवसांत त्यांचा खरा आवाज
मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, लहानसा होता.
हो, म्हणाल्या,
झोपला होतात. दमला होतात.

याच्यावर मला काही बोलता आलं नाही.
पेटीत चाळीस टाकले, नाणी खणखणली,
तीही सगळ्यांनी ऐकली असणार.

जिना उतरले. ज्वारी तशीच, डबा जड.
काका म्हणाले, ठेवून जा, लाइट आली की दळतो.
म्हटलं, नको, परत यायला कारण पाहिजे.
बायका जरा सरकल्या, वाट दिली,
लग्नात देतात तशी नाही, दवाखान्यात देतात तशीही नाही.

लोंढ्यांची सून रस्त्यापर्यंत मागं आली.
माझ्याकडे बघेना.
डब्याची कडी वरखाली करत राहिली,
मग म्हणाली,
वर किती घेतात हो?

जमेल तेवढे, म्हटलं.
चार पावलं गेले आणि वळून सांगितलं,
मंगळवारी ये, गुरुवारी नको.
आणि डब्यात काहीतरी घाल.
रिकामा आणू नकोस,
घरचे उघडून बघतात.